समुद्रावरची व्याख्यानमाला

देशाटन करावे, विद्वानांच्या संगतीत राहावे, चारचौघांच्या सभेत वावरावे, म्हणजे मनुष्य शहाणा होतो, असा बोध करणारी एक जुनी आर्या आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना पाठ केलेली असेल. परंतु या तिन्ही गोष्टी सामान्य माणसाला एकाच वेळी लाभण्याचा योग विरळाच. देशाटनाला निघालेल्या गृहस्थाच्या वाट्याला बहुधा विद्वानांऐवजी हॉटेलवालेच येतात. आणि विद्वानांचे व्याख्यान ऐकावयास गेलेला श्रोता व्याख्यान संपताच छत्री उचलून घरची वाट धरतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तिने कित्येक पिढ्यांना बहुश्रुत केले, हे खरे. पण तेथेही ग्रीसविषयीचे व्याख्यान ऐकून दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रीसच्या किनाऱ्यावर उतरण्याची सोय कशी असणार?

जगाच्या समुद्रांवर मात्र अशी सोय करून देणाऱ्या आगबोटी गेली शंभराहून अधिक वर्षे फिरत आल्या आहेत. दिवसा प्रवास, सायंकाळी व्याख्यान, आणि दुसऱ्या दिवशी जिच्याविषयी ऐकले त्याच भूमीवर पाऊल, असा त्यांचा क्रम. या बोटींवर आमंत्रण देऊन नेलेले व्याख्याते असतात. कोणी इतिहासाचा प्राध्यापक, कोणी पक्षितज्ज्ञ, कोणी भूगर्भशास्त्रज्ञ. या प्रथेचा थोडा इतिहास आणि तिच्यातून आपल्याला घेता येण्यासारखा बोध वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आदल्या सायंकाळचे ज्ञान

प्रथम एक उदाहरण घेऊ. एजियन समुद्रात डेलॉस नावाचे एक चिमुकले बेट आहे. लांबी उणीपुरी पाच किलोमीटर. झाडे जवळजवळ नाहीत; ऊन, वारा आणि सर्वत्र विखुरलेले दगड. काही न ऐकता जो प्रवासी तेथे उतरेल, तो अर्ध्या तासात सावली शोधू लागेल आणि तासाभरात बोटीकडे परतेल.

आता हाच प्रवासी आदल्या सायंकाळी बोटीच्या सभागृहात बसला होता, असे समजू. व्याख्यात्याने त्याला सांगितले आहे की, हे बेट ग्रीकांच्या अपोलो देवाचे जन्मस्थान मानले जाई, म्हणून इ. स. पूर्व पाचव्या शतकात अथेन्सवासीयांनी येथील सर्व थडगी उकरून दुसऱ्या बेटावर हलविली आणि या भूमीवर यापुढे कोणी जन्मू नये व कोणी मरू नये, असा नियम केला. आसन्नप्रसव स्त्रिया आणि मरणोन्मुख माणसे होडीत घालून शेजारच्या बेटावर नेली जात. पुढे रोमन सत्तेने इ. स. पूर्व १६६ मध्ये हे बंदर करमुक्त केले, तेव्हा याच पवित्र भूमीवर गुलामांचा मोठा बाजार भरू लागला. एका दिवसात दहा हजार माणसांची उलाढाल येथे होऊ शके, असे स्ट्रॅबो या प्राचीन भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. इ. स. पूर्व ८८ मध्ये बेटावर हल्ला झाला, मोठी कत्तल झाली आणि ते वैभव हळूहळू लयास गेले.

एवढे ऐकून जो उतरेल, त्याला तेच दगड दिसतील. पण ते मुके राहणार नाहीत. जेथे जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध होते, तेथे माणसाची विक्री मात्र निषिद्ध नव्हती, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. पाहण्याच्या आधी ऐकणे म्हणतात ते हेच. यात्रेला जाणाऱ्याने तीर्थाचे माहात्म्य आधी ऐकावे, वारीच्या मुक्कामावर रात्री कीर्तन व्हावे, ही आपल्याकडची रीतही याच जाणिवेतून आलेली नाही काय?

पहिले प्रयोग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील हेन्री लन या गृहस्थांनी ‘आर्गोनॉट’ नावाच्या बोटीतून भूमध्य समुद्राच्या शैक्षणिक सफरी काढल्या. बोटीवर धर्मोपदेशक आणि प्राध्यापक बरोबर असत आणि त्यांची व्याख्याने होत.

अमेरिकेत यापेक्षाही धाडसी प्रयोग झाला. न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स लाफ यांनी १९२६ च्या सप्टेंबरात ‘राइंडॅम’ या बोटीवर सुमारे पाचशे विद्यार्थी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेस प्रस्थान ठेवले. डेकवर वर्ग, बंदरात प्रत्यक्ष पाहणी आणि परीक्षाही, असे हे तरंगते विद्यापीठ होते. विद्यापीठाने आरंभी दिलेला पाठिंबा पुढे काढून घेतला. १९२७ च्या मे महिन्यात बोट परतेपर्यंत अभ्यासापेक्षा तरुण विद्यार्थ्यांच्या मद्यपानाच्या आणि प्रेमप्रकरणांच्या बातम्याच वर्तमानपत्रांत अधिक गाजल्या. ज्ञान बोटीवर चढविले म्हणजे ते आपोआप उतारूंच्या डोक्यात उतरते असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. पण कल्पना बुडाली नाही. १९६३ साली अमेरिकेतच समुद्रावरचे महाविद्यालय पुन्हा सुरू झाले आणि निरनिराळ्या संस्थांच्या आश्रयाने ती परंपरा आजही चालू आहे.

तक्षशिलेचा शिक्षक डेकवर

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५४ साली, लंडनच्या स्वान या पितापुत्रांच्या प्रवासी कंपनीने ग्रीसच्या सफरी सुरू केल्या आणि त्यांत विद्वान व्याख्यात्यांना मानाचे स्थान दिले. या व्याख्यात्यांपैकी एका नावाकडे भारतीय वाचकाचे लक्ष वेधले जाईल. ते नाव म्हणजे सर मॉर्टिमर व्हीलर.

व्हीलर हे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. तक्षशिला येथे १९४४ साली त्यांनी उत्खननाची प्रशिक्षणशाळा भरविली आणि मातीचे थर कसे वाचावेत, हे तरुण भारतीय संशोधकांना हाताला धरून शिकविले. १९४५ साली पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे त्यांनी केलेल्या उत्खननात इटलीतील आरेत्सो येथे घडविलेली तांबडी, चकचकीत भांडी सापडली आणि दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी आपल्या पूर्व किनाऱ्याचा व्यापार होता, याला जमिनीतून साक्ष मिळाली.

महाराष्ट्रातही याच व्यापाराची एक खूण आहे. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. तेथे १९४० च्या दशकात काशाच्या वस्तूंबरोबर पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी मूर्ती मिळाली आणि ती कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आली. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्री ओलांडून, परदेशचा समुद्रदेव आला कसा, हे कोडे ज्याला पडले त्याला भूमध्य समुद्र परका वाटत नाही.

अरिकमेडूला रोमन खापरे हाताळलेला हा मनुष्य पुढे भूमध्य समुद्रातील बोटींवर सामान्य उतारूंना प्राचीन जगाची ओळख करून देत असे. व्हीलरांचे वक्तृत्व मोठे नाट्यमय होते. १९५४ साली ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवरील सर्वांत लोकप्रिय व्यक्ती म्हणून त्यांचा गौरव झाला होता. परंतु बोटीवरच्या व्याख्यात्याची खरी कसोटी व्यासपीठावर लागत नाही. ती दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर लागते. जमिनीवरचा वक्ता टाळ्या घेऊन निघून जाऊ शकतो. बोटीवरच्या वक्त्याला जाण्यासाठी जागाच नसते! रात्री जे सांगितले त्याविषयी शंका घेऊन सकाळी कोणी निवृत्त शिक्षिका समोर येऊन बसते, दुपारी कोणी शाळकरी मुलगा डेकवर गाठतो. ज्याचे ज्ञान उसने आहे, तो दोन दिवसांत उघडा पडतो. ज्याचे पक्के आहे, त्याच्याभोवती आपोआप मंडळी जमतात. जुन्या आर्येतला विद्वानांचा सहवास तो हाच.

सैनिकांच्या बोटीतील शाळा

या सर्व सफरी पैसेवाल्या प्रौढांच्या होत्या, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. म्हणूनच शाळकरी मुलांसाठी झालेल्या उपक्रमाची हकीकत विशेष मोलाची वाटते.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी मूळची कोलकात्याची. १८५६ साली कोलकाता आणि ब्रह्मदेश यांच्यामधील वाहतुकीसाठी ती निघाली आणि पुढे पूर्व आफ्रिकेपासून दूरच्या पूर्वेपर्यंत तिच्या बोटी जाऊ लागल्या. सैनिकांची ने-आण करणे हेही तिच्या बोटींचे एक काम होते. हे काम संपत आले तेव्हा, १९६१ साली, कंपनीने ‘डुनेरा’ या बोटीचा कायापालट केला. सैनिकांच्या निजण्याच्या जागी मुलांची शयनगृहे आली, वर्ग आले, सभागृह आले. शिक्षक मुलांबरोबर असत, आणि पुढच्या बंदराविषयी आधी व्याख्यान ऐकल्याशिवाय मुले किनाऱ्यावर जात नसत. पाठोपाठ ‘डेव्होनिया’, ‘नेवासा’ आणि १९६८ साली ‘युगांडा’ या बोटी या कामी लागल्या. ‘युगांडा’वर एका वेळी नऊशेहून अधिक विद्यार्थी जात.

‘डुनेरा’चा पूर्वेतिहास येथे सांगण्यासारखा आहे. १९४० साली याच बोटीतून सुमारे अडीच हजार स्थानबद्धांना इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य लोक हिटलरच्या छळापासून पळून आलेले ज्यू निर्वासित होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक एवढाच त्यांचा अपराध. आणि वाटेत त्यांचे फार हाल झाले. ज्या पोलादी भिंतींच्या आत माणसांना कोंडून नेले, त्याच भिंतींच्या आत वीस वर्षांनी मुले जगाचा नकाशा शिकू लागली.

या उपक्रमाचा शेवटही युद्धानेच जवळ आणला. १९८२ च्या एप्रिलमध्ये ‘युगांडा’ भूमध्य समुद्रात विद्यार्थ्यांना घेऊन फिरत असता फॉकलंड बेटांवरून युद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारने बोट ताब्यात घेतली. मुलांना नेपल्स येथे उतरविण्यात आले, जिब्राल्टरला बोटीचे रुग्णालय करण्यात आले, आणि जेथे मुले टिपणे लिहीत बसत तेथे जखमींच्या खाटा लागल्या. दोन्ही बाजूंच्या जखमींवर तिच्यावर उपचार झाले. युद्धानंतर थोड्या सफरी झाल्या, पण पुढे तो उपक्रमच थांबला. आणि १९८६ साली बोट मोडीत निघाली.

या बोटींविषयी आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवरील खलाशी आणि सेवकवर्ग मोठ्या संख्येने भारतीय असे. गोव्याचे स्टुअर्ड, गुजरात आणि कोकण किनाऱ्यावरचे खलाशी, यांच्या पिढ्यान्‌पिढ्या या कामात गेल्या. ते बोट चालवीत, अन्न वाढीत, डेक धूत. व्याख्यान मात्र त्यांच्यासाठी नव्हते. वास्तविक समुद्राविषयी, वाऱ्याविषयी, मोसमाविषयी त्यांना जे ठाऊक होते, ते कित्येक पाहुण्या व्याख्यात्यांना ठाऊक नसेल. ज्याच्या हाती सुकाणू त्यालाही व्यासपीठावर स्थान असावे, ही गोष्ट पुढे अशा सफरी काढणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जेथे व्याख्यान सक्तीचे आहे

येथवर आपण पाहिले ते व्याख्यान ऐच्छिक होते. ऐकले तर लाभ, न ऐकले तर तोटा फक्त स्वतःचा. परंतु पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अशी एक भूमी आहे की, जेथे प्रवाशाच्या अज्ञानाची किंमत त्या भूमीलाच मोजावी लागते. ती म्हणजे अंटार्क्टिका.

लार्स-एरिक लिंडब्लॅड यांनी १९६६ साली हौशी प्रवाशांची एक तुकडी तेथे नेली आणि १९६९ साली अशा सफरींसाठी ‘लिंडब्लॅड एक्स्प्लोरर’ ही खास बोट बांधून घेतली. जो देश पाहावयाचा त्याचे शास्त्र जाणणारी माणसे बरोबर असलीच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. निसर्गशास्त्रज्ञ बोटीवर व्याख्याने देत आणि किनाऱ्यावर प्रवाशांबरोबर हिंडत. सफरी वाढल्या तशी चिंताही वाढली. तेव्हा १९९१ साली या व्यवसायातील सात कंपन्यांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली आणि स्वतःवर नियम घालून घेतले. एका जागी एका वेळी शंभराहून अधिक माणसे उतरवावयाची नाहीत. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या बोटीने कोणासही उतरवावयाचे नाही. आणि किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने माहितीचे व्याख्यान ऐकलेच पाहिजे.

या व्याख्यानात प्रवाशाला सांगितले जाते की, पेंग्विनच्या वाटेत उभे राहू नये. त्यांच्यापासून निदान पाच मीटर दूर राहावे. शेवाळावर पाय देऊ नये, कारण थंडीच्या त्या प्रदेशात ते अतिशय सावकाश वाढते आणि बुटाचा एक ठसा वर्षानुवर्षे राहतो. आणि बुटाच्या तळव्यात, कपड्याच्या शिवणीत परदेशचे बी अडकलेले असेल तर ते आधी काढून टाकावे. डेलॉसच्या व्याख्यानाने प्रवाशाला काय पाहावे हे शिकविले. अंटार्क्टिकाचे व्याख्यान त्याला काय करू नये हे शिकविते. ज्ञानाची ही पुढची पायरी आहे.

भारताचाही या भूमीशी निकटचा संबंध आहे. अंटार्क्टिका करारात आपण १९८३ साली सामील झालो. तेथील आपली संशोधनकेंद्रे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ यांचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालते. आणि २०२४ च्या मे महिन्यात करारातील राष्ट्रांची बैठक कोची येथे भरली तेव्हा तेथील पर्यटनाला कोणते नियम असावेत, हा प्रश्न चर्चेत अग्रभागी होता.

ज्ञान आणि विक्री

आज मोठमोठ्या प्रवासी बोटींवर व्याख्याने होतात, पण ती सर्व सारख्या योग्यतेची नसतात. पुष्कळ ठिकाणी व्याख्यात्याला मानधनाऐवजी बोटीवरील जागा मोफत किंवा सवलतीत मिळते. त्यात गैर काही नाही. विद्वानाला समुद्र आणि समुद्राला विद्वान मिळतो. परंतु काही बोटींवर बंदराची माहिती या नावाखाली कोणत्या दुकानात कोणता दागिना घ्यावा, हेच सांगितले जाते आणि त्या दुकानांकडून त्याबद्दल पैसे घेतलेले असतात. असे भाषण ऐकून उतरणारा मनुष्य पाहुणा राहत नाही, गिऱ्हाईक होतो. बोटीवरच्या व्याख्यानाची परीक्षा करावयाची असेल, तर ऐकणाऱ्याचे दुसऱ्या दिवशीचे वागणे पाहावे. तो थांबून पाहतो का? स्थानिक माणसाला प्रश्न विचारतो का? हात आवरतो का? यांचे उत्तर होय असेल, तर व्याख्यान सार्थकी लागले.

आपला किनारा

आपल्या देशातही जलपर्यटनाचे दिवस येत आहेत. २०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून दिब्रुगडला जाणारी एकावन्न दिवसांची नदीसफर सुरू झाली; २०२४ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’चा आरंभ झाला. बंदरे बांधली जातील, धक्के सजतील. पण त्या बोटींवर बोलणारे कोण असेल?

सांगण्यासारखे आपल्याकडे थोडे का आहे? गुजरातेत लोथल, ओडिशात चिलका, तमिळनाडूत मामल्लपुरमचे किनाऱ्यावरचे मंदिर, आसामात माजुली. मराठी मुलखापुरते बोलावयाचे तर खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांचा २०२५ साली जागतिक वारशात समावेश झाला. मुंबईहून गोव्याकडे जाणारी बोट याच किनाऱ्याने जाते. उतारू आत गाणी ऐकत बसले आणि अंधारात हे जलदुर्ग मागे पडले, तर दोष उतारूंचा म्हणता येणार नाही. त्यांना कोणी डेकवर बोलाविलेच नाही. एखादा इतिहासाचा शिक्षक, समुद्रविज्ञान संस्थेतील एखादा संशोधक, दीपगृहावर आयुष्य काढलेला एखादा निवृत्त कर्मचारी, मासेमारीत केस पिकलेला एखादा तांडेल, यांना बोलवावे. आणि व्याख्यान उतारूंच्या भाषेत व्हावे. खर्च तो किती येणार?

आणि बोटकंपन्यांची वाट तरी का पाहावी? मागच्या हिवाळ्यात गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीस जाणाऱ्या लाँचमध्ये प्रस्तुत लेखकाच्या समोर एक वृद्ध गृहस्थ दोन नातवंडांना घेऊन बसले होते. प्रवास सुमारे तासाभराचा. गृहस्थ मुलांना सांगत होते की, पोर्तुगीज लोक या बेटावर उतरले तेव्हा त्यांना किनाऱ्याजवळ एक मोठा दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. आपले लोक मात्र घारापुरीच म्हणत राहिले. मग लेण्यातल्या तीन मुखांच्या विशाल मूर्तीविषयी ते बोलू लागले. प्रत्येक मुखाचा भाव निराळा का, ते उद्या आईला सांगावयाचे आहे, तेव्हा नीट पाहा, असे त्यांनी बजावले. एव्हाना शेजारच्या बाकावरील कुटुंब सरकून जवळ आले होते, आणि लाँचवरचा एक तरुण खलाशीही दोर हातात तसाच धरून ऐकत उभा होता.

“आजोबा, मग तो हत्ती आता कुठे आहे?” धाकट्या मुलीने विचारले.

उत्तर द्यावयास आजोबा तोंड उघडणार, तोच तो खलाशी म्हणाला, “राणीच्या बागेत. मी पाहिलाय. इथून नेताना तो फुटला होता, मग जोडला.”

आजोबांनी बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. समोर बेटाची हिरवी कड दिसू लागली होती.